रॉकेलवरची फटफटी

विहिरीवरचं इंजन मी काढायला घेतलं, त्या सकाळी वैनीनं भांडण काढलं. वैनी म्हणजे सुमनबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको. ती खडीच्या कामाला निघाली होती. डोक्यावरची पाटी तिनं तिथंच टाकली आणि विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली. मी आत टप्प्यावर बसून नट ढिले करत होतो. माझा दोस्त वाजिद वर लिंबाला दोर बांधत होता.

"भावजी, त्या इंजनात अर्धा वाटा आमचा हाय," ती वरून म्हणाली. "काढायचंच आसंल तर तुमचं तेवढं अर्धं काढा."

वाजिदनं हसून विचारलं, "कोणतं अर्धं, भाभी? पेट्रोल पितंय ते, का रॉकेल पितंय ते?"

"तू गप. तुझ्याच नादानं बिघडलाय ह्यो."

इंजन हलकं होतं, दोन माणसांनी उचलावं असं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर सोडायचं. विहिरीचं पाणी जसं खाली गेलं तसं आम्ही ते इंजनही एकेक टप्पा खाली उतरवत नेलं होतं. आता त्याच्या खाली टप्पाच उरला नव्हता. तळाला भेगा पडलेला चिखल होता आणि त्यात एक मेलेला खेकडा.

भांडण ऐकून रामकिशनदादा आला. इंजन काढून करणार काय, असं त्यानं मला विचारलं. मी फटफटी करणार म्हणालो. दादा माझ्याकडं बघत राहिला. चांगुणा, माझी बायको, फाल्गुनात गेली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं भावकीत बोललं जात होतं, ते मलाही माहीत होतं. दादा तसं काही बोलला नाही. पाणी नाही तर इंजन नुसतं गंजत पडेल, त्यापेक्षा काढू दे त्याला, असं तो वैनीला म्हणाला. मग माझ्याकडं वळला.

"पर केरबा, पाणी लागलं की इंजन जागेवर."

मी हो म्हणालो. त्या साली कुठं पाणी लागेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

लातूर तेव्हा नवीनच जिल्हा झाला होता. झाला त्या दिवशी आमच्या गावातही गुलाल उधळला होता. त्यानंतर पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. जिल्हा जवळ आला आन् पाणी लांब गेलं, असं पारावरची माणसं म्हणायची. काळी जमीन अशी भेगाळली की शेळीचा पाय आत अडकून मोडावा. देवणीच्या बाजारात चांगली चांगली जनावरं लोक येईल त्या मोलानं सोडून येत होते. येताना हातात नुसती वेसण असायची.

आमची विहीर बापानं खांदलेली. गावच्या आडावर आम्हाला हात लावू देत नव्हते, म्हणून त्यानं आणि आईनं ओढ्याकाठी ही विहीर खांदली. गावातले आड आटले तेव्हा सगळं गाव हिच्यावर आलं. वरच्या आळीच्या बायाही आल्या. आम्ही कुणाला नाही म्हटलं नाही. शेवटी तळाला चहाच्या रंगाचं पाणी राहिलं. ते फडक्यातनं गाळून सगळे पीत होते. मग हगवणीची साथ आली. चांगुणा सांजच्याला खडी फोडून घरी आली, भाकरी केली आणि चुलीजवळच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी तिला उदगीरला नेलं. सलाईन लावलं तोवर तिनं मला ओळखणं सोडलं होतं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. मग घरात मी एकटा. मूलबाळ आम्हाला नव्हतं. घरात बसलं की तिचं त्या रातीचं कण्हणं कानात सुरू व्हायचं. ते कामावर असताना यायचं, जेवताना यायचं. कुणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

वाजिद उदगीरचा. गावोगावची इंजनं दुरुस्त करायचा. जय भीम घालत आमच्या अंगणात यायचा आणि चांगुणाच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. विहिरी आटल्या तसा त्याचाही धंदा बसला. तो मला भेटायला आला, तेव्हा बोलायला काही नव्हतं म्हणून त्यानं निजामाबादेकडं कुणीतरी पाण्याच्या इंजनावर फटफटी चालवतो ही गोष्ट सांगितली. मी त्याला म्हणालो, आपण करू. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

उदगीरच्या भंगारवाल्याकडं एक फटफटी पडून होती. ट्रकखाली सापडलेली, इंजन फुटलेलं, पण गिअर आणि चाकं शाबूत. सांगाडा वाकला होता तो वाजिदनं तापवून सरळ केला. लोखंडी अँगलचा पाळणा करून त्यात इंजन बसवलं. मापं चुकली, पुन्हा तोडली, पुन्हा जोडली. चैन कधी लांब व्हायची, कधी आखूड. कानशीनं घासून घासून माझ्या बोटांची कातडी गेली. पण घासत असताना कण्हणं ऐकू येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून वाजिद नसतानाही मी घासत बसायचो. बसायला गादी नव्हती. चांगुणानं शिवलेली वाकळ दुमडून मी सुतळीनं सांगाड्याला बांधली. वैनीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून गेली.

किक लागत नव्हती. विहिरीवर जसं करायचो तसंच करावं लागायचं, इंजनाच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. विहिरीवर हे काम चांगुणाचं होतं. मला तीनदा-चारदा ओढावं लागे. ती पदर खोचून एका हिसक्यात सुरू करायची आणि मला म्हणायची, तुम्ही नुसतं कॉक फिरवा.

पहिल्यांदा सुरू केली ती विहिरीजवळच, लिंबाखाली. दुपारची वेळ होती. दोरी ओढून माझा खांदा भरून आला, मग वाजिदनं ओढली, आणि इंजन एकदम सुरू झालं. काळा धूर निघाला आणि तो जुना आवाज सगळ्या रानात पसरला. वाजिद नाचायला लागला. मीही हसलो असेन. कित्येक दिवसांनी हसलो.

तेवढ्यात माळावरून बाया पळत येताना दिसल्या.

वस्तीतल्या होत्या, वरच्या आळीच्या होत्या. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या काखेत घागर, कुणी नुसती चरवी घेऊन. पायात काही नाही, अंगावरच्या पदराचं भान नाही. सगळ्यांच्या पुढं केवळाबाई होती. म्हातारीला एरवी धड चालता येत नव्हतं. सगळ्या थेट विहिरीच्या काठावर गेल्या आणि वाकून आत बघायला लागल्या.

मी इंजन बंद केलं. मग त्यांनी वळून फटफटीकडं पाहिलं.

केवळाबाईनं घागर खाली ठेवली. तिला दम लागला होता.

"केरबा," ती म्हणाली, "ह्या आवाजाला पाणी आस्तंय रे, लेका."

त्यानंतर मात्र बाकीच्यांनी मला सोडलं नाही. कुणी म्हणाली, बायको मेली आन् ह्याला नवरदेव व्हायचंय. कुणी म्हणाली, पाण्याचं इंजन तोडून फटफटीला रॉकेल पाजतोय. एकीनं वाजिदला विचारलं की आता विहिरीला चाकं कधी लावणार. त्या गेल्या, तेव्हा रिकामी भांडी एकमेकांवर आपटत होती, तो आवाज माळ चढून जाईपर्यंत येत होता.

मग एक ठरवलं. गावाच्या कानावर पडेल तिथं फटफटी सुरू करायची नाही. कोरडा ओढा ओलांडून, टेकडीला वळसा घालून डांबरी सडकेपर्यंत मी ती ढकलत न्यायचो. घाम पाझरायचा. तिथं दोरी ओढायची आणि बसायचं.

आणि बसलं की काय व्हायचं ते मला नीट सांगता येत नाही. फटफटी सायकलीपेक्षा जोरात आणि एसटीपेक्षा हळू जायची. चढाला उतरून हात लावावा लागायचा. गरम वारा तोंडावर यायचा, डोळ्यांत माती जायची, पायाला इंजनाची धग लागायची. सगळं अंग थरथरायचं, दात सुद्धा. पण हे सगळं मी केलेलं होतं. कुठला बोल्ट कुठं आहे ते मला मांडीला कळायचं. चैन जरा कुरकुरली की कुठला दात घासतोय ते कळायचं. दोन्ही बाजूंना जळालेलं रान, मधून ती काळी सडक, आणि माझ्या हातानं केलेली वस्तू मला घेऊन पळतेय. इंजनाचा आवाज एवढा मोठा की त्यात दुसरं काहीही ऐकू यायचं नाही. ते कण्हणं तर नाहीच. कधी कधी मी मोठमोठ्यानं गायचो. मला गाता येत नाही.

कुठं जायचं काम नसायचं. देवणीपर्यंत जायचो, बाजाराच्या कडेला थांबायचो, परत यायचो. लोक जमायचे. ही दूध देती का, असं एका जनावराच्या दलालानं विचारलं होतं. उदगीरच्या नाक्यावर हवालदारानं अडवलं. वाजिद मागं बसला होता. पेंटरला नंबर काय लिहायचा हे कळलं नाही म्हणून त्यानं पाटीवर नुसतं 'लातूर जिल्हा' लिहून दिलं होतं. हवालदारानं नंबर विचारला. वाजिद म्हणाला, साहेब, जिल्हाच नवा आहे, नंबर अजून यायचाय. हवालदार हसला, भोवती फिरला आणि चौकापर्यंत सोड म्हणाला. चढावर त्यालाही उतरून ढकलावी लागली.

रॉकेल रेशनवर मिळायचं, तेही कधी मिळायचं, कधी नाही. मी घरातली चिमणी लावायची बंद केली. अंधारात भाकरी खायचो. सगळं रॉकेल फटफटीला.

इकडं दादानं विहीर खोल करायला घेतली होती. एक सुरुंगवाला यायचा, भोकं पाडून बार उडवायचा आणि जायचा. मग दादा, वैनी आणि मी दगड वर काढायचो. दिवस कलला की मी हात झटकून फटफटी ढकलत निघायचो. ते दोघं आतच असायचे. दादा काही बोलत नसे. वैनी बोलायची.

एकदा तिनं वर येऊन माझी वाट अडवली. चेहरा दगडाच्या पिठानं पांढरा झाला होता. कुठं निघालात, असं तिनं विचारलं. कुठं नाही, मी म्हणालो.

"सगळं गाव पाऊस माग्तंय," ती म्हणाली. "तुम्हालाच तेवढा दुष्काळ गोड लागलाय."

मी हँडल सोडलं नाही. ती खोटं बोलत नव्हती. विहिरीत पाणी आलं की फटफटी गेली, हे मी रोज मनात मोजत होतो. बार उडाला की सगळे वाकून ओल दिसते का बघायचे. मीही बघायचो. कोरडा दगड दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा.

वैशाख अर्धा झाला होता. मी देवणीहून परत आलो, ओढ्यात फटफटी आणली, तेव्हा दादा विहिरीच्या कडेला बसलेला दिसला. गुडघ्यापर्यंत त्याचे पाय ओले होते. आधी मला वाटलं रक्त आहे. मग दिसलं, चिखल होता. बाजूला वैनी उभी होती. तिच्याच पहारीखाली झरा फुटला होता. आत वाकून बघितलं तर ईशान्येच्या कोपऱ्यातून मनगटाएवढी धार दगडातून येत होती आणि खाली पाण्याचा गोल वाढत होता.

दादा एवढंच म्हणाला, "केरबा, इंजन."

मी म्हणालो, एवढ्या पाण्याला इंजन कशाला, शेंदून घ्या. दादा म्हणाला, सारं गाव येईल, म्हाताऱ्या माणसांनी एवढ्या खोलातनं शेंदायचं का. आणि पाणी उपसून काढल्याबिगर तळातला जुना गाळ जायचा नाही. मी म्हणालो, धार टिकते का चार दिवस बघू. दादा म्हणाला, तू शब्द दिलाय. आमचा आवाज चढत गेला. कधी नव्हे ते दादानं माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं ढकललं. मी फटफटीचं हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. शेवटी मी बोलून गेलो.

"त्या पाण्यानं माझी चांगुणा नेली. त्या विहिरीला मी इंजन देणार न्हाई."

दादाचा हात खाली आला. तो बाजूला झाला. वैनी पुढं आली. मला वाटलं ती ओरडेल. ती हळू बोलली.

"तेच पाणी मी बी प्याले, भावजी. एकाच घागरीतलं. तिला गाळून दिलं ते मीच दिलं. ती ग्येली आन् मी जित्ती हाय. रोज उठून त्या विहिरीत उतरतेय ते काय मला हौस हाय म्हणून?"

मी तिच्या हातांकडं बघितलं. पहार धरून तळव्यांना फोड आले होते, फुटले होते, त्यावर पुन्हा आले होते. फाल्गुनापासून ती माझ्यावर चिडते एवढंच मला दिसलं होतं. ती कुणावर चिडत होती ते आता कळलं.

"वाजिदला घेऊन येतो," मी म्हणालो.

उदगीरला जाताना मी गायलो नाही. येताना वाजिद मागं बसला होता. ओढ्याजवळ आल्यावर मी इंजन बंद करायला गेलो. तो म्हणाला, आज राहू दे, केरबाभाऊ. मग आम्ही ते चालू ठेवूनच विहिरीपर्यंत गेलो.

सकाळी इंजन उतरवलं. बसवायला जेवढे दिवस लागले होते, काढायला तेवढे तासही लागले नाहीत. टप्प्यावर बसवलं. दोरी वैनीनं ओढली. तिला ते जमत नव्हतं, हात सोलला, पण तिनं दोरी सोडली नाही. पाईपातून आधी गाळ आला, मग गढूळ, मग निवळ पाणी. माळावरून बाया येताना दिसायला लागल्या.

वाजिदनं मला बाजूला घेतलं. रिकामा सांगाडा भंगारात द्यायचा का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. तो ठेवून काय करणार, ते माझं मलाही माहीत नव्हतं. मी तो ढकलत माळ चढून घराकडं घेऊन गेलो. हलका लागत होता. वर पोचल्यावर दाराशी उभा राहिलो. घरात जावंसं वाटेना. मी फटफटी वळवली, वाकळीवर बसलो आणि पाय उचलले.

गावापासून विहिरीपर्यंत सगळा उतारच आहे. ती आपोआप पळायला लागली. धग नाही, धूर नाही, थरथर नाही. चाकाखाली खडे वाजत होते तेवढंच. आणि मग तो आवाज आला. अर्ध्या उतारावर चांगुणा माझ्या कानात कण्हायला लागली, चुलीजवळ पडल्या पडल्या कण्हत होती तशी. मी ब्रेक दाबला नाही. पाय टेकले नाहीत. तिला कण्हू दिलं. वारा तोंडावर येत होता, हँडल हातात सरळ होतं, चाकं मी बसवली होती तशी गोल फिरत होती, आणि ती कण्हत होती. दोन्ही एकदमच होतं. तिचं नाव मी फाल्गुनापासून घरात घेतलं नव्हतं. ते मी तिथं मोठ्यानं घेतलं. पुन्हा घेतलं.

विहिरीजवळ जमीन सपाट झाली आणि फटफटी थांबली. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. माझं तोंड ओलं होतं. पाणी उडालं असेल असं त्यांना वाटलं का, मला माहीत नाही.

केवळाबाई दोन भरलेल्या घागरी घेऊन वाटेला लागली होती, चार पावलं चालायची आणि टेकायची. तिनं बिनइंजनाच्या फटफटीकडं नीट बघितलं.

"आता ही सायकलीच्या बी कामातनं ग्येली की रे," ती म्हणाली.

मी तिच्या घागरी घेतल्या. सुतळीनं तोंडं बांधून हँडलच्या दोन बाजूंना दोन अडकवल्या. ते बघून वैनीनंही तिचा हंडा आणून वाकळीवर ठेवला आणि एका हातानं धरला. मी फटफटी माळाकडं वळवली आणि ढकलायला लागलो. भरल्यावर ती चांगलीच जड झाली होती. चढ लागला तशा माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मागून केवळाबाई चालत होती.

"हळू रे," ती म्हणाली. "सांडंल."

मी हळू केलं.